रोझा वन : ठळक सेरिफ अक्षरवळण आणि देवनागरी

रोमन अक्षरांच्या रेषांच्या टोकांशी जे छोटे आडवे पाय काढलेले असतात, त्यांना ‘सेरिफ’ म्हणतात. 19व्या शतकाच्या प्रारंभी लंडनमधील टंकनिर्मात्यांनी अशा अक्षरांना अतिशय जाड केले. सोडतीच्या जाहिराती व भित्तिपत्रके दुरून वाचता यावीत, हा त्यामागील हेतू होता. 1845 मध्ये तेथेच ‘क्लॅरेंडन’ हा टंक आला. शब्दकोशातील मुख्य शब्द उठून दिसावेत, यासाठी त्याचा पुढे मोठा उपयोग झाला.

देवनागरीत सेरिफ नाही. तिची ओळख शिरोरेषा आणि बोरूच्या तिरक्या कापामुळे येणारा जाड-बारीकपणा यांत आहे. हा कापही रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे रोमन अक्षरात तिरपी रेषा जेथे बारीक होते, तेथे नागरीत ती जाड होते. जावजी दादाजी यांनी 1869 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी हेच वळण धातूत आणले आणि मराठी व संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणात ते आदर्श ठरले.

‘रोझा वन’ या टंकात या दोन परंपरा एकत्र येतात. 2009 मध्ये अहमदाबादेत स्थापन झालेल्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिला. त्यात देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्या आहेत, मात्र जाडी एकच आहे. काही रेषा अत्यंत भरीव, तर काही केसासारख्या बारीक, हे त्याचे वैशिष्ट्य होय. दोन्ही लिप्यांचा भार जुळत असल्याने द्विभाषिक पाटीवर एक भाषा दुसरीपुढे फिकी पडत नाही.

त्याचे खरे क्षेत्र मोठ्या आकाराचे आहे. वृत्तपत्रीय पुरवणीचे शीर्षक, पुस्तकाचे मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात, दुकानाचा फलक ही त्याची उदाहरणे. नगर-पुणे रस्त्यावरील केडगावातून वाहनाने जाणाऱ्यास पाटी वाचायला दोन-तीन क्षणच मिळतात. तेथे चार ठळक शब्द उपयोगी पडतात, ठळक परिच्छेद नव्हे.

लहान आकारात मात्र हेच गुण दोष ठरतात. बारीक रेषा नाहीशा होतात आणि अक्षरांतील पोकळ्या शाईने भरतात. नागरीत हा धोका अधिक, कारण मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार यांना शिरोरेषेवर थोडीच जागा असते. अनुस्वार बुजला की ‘मंद’चा ‘मद’ आणि ‘रंग’चा ‘रग’ होतो. औषधाची सूचना किंवा निविदेच्या अटी अशा टंकात छापणे म्हणूनच अयोग्य. संगणकावर आधीच जाड असलेल्या या टंकाला ‘बोल्ड’ची आज्ञा दिल्यास कडा कृत्रिमरीत्या फुगतात व बारीक रेषांचे सौंदर्य नष्ट होते.

तिरपे वळण नागरीच्या मूळ परंपरेत नाही. त्यामुळे मराठी मुद्रणात एखाद्या शब्दावर भर देण्याचे काम प्रामुख्याने जाडीवरच येते. पानावर सर्वच शब्द ठळक केले, तर त्यांतील एकही ठळक उरत नाही. शीर्षकाला भरीव टंक आणि मजकुराला साधा, मोकळा टंक ही जुन्या छापखान्यांतील विभागणी संगणकाच्या पडद्यावरही तितकीच उपयुक्त आहे.