पेट स्कॅन : यंत्राचा वेग आणि निदानाची अचूकता

सावनेर : कर्करोगाचे निदान झाले की डॉक्टर अनेकदा ‘पेट स्कॅन’ करून घेण्यास सांगतात. सावनेरसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला त्यासाठी सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. हिंदीचा शेजार असलेल्या या भागात ‘पेट’ म्हणजे पोटाची तपासणी, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ‘पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी’ या लांबलचक नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आले आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही, औषध बदलायचे की तेच चालू ठेवायचे, हे या तपासणीवरून ठरत असल्याने तिची अचूकता हा रुग्णाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय आहे. गेल्या दोन दशकांत ही यंत्रे कमालीची वेगवान झाली. अचूकता मात्र केवळ यंत्रावर अवलंबून नाही.

साखरेचा माग

क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनमध्ये शरीराची रचना दिसते, तर पेट स्कॅनमध्ये पेशींचे कार्य दिसते. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले होते. याच गुणधर्माचा येथे उपयोग होतो. ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून ‘एफडीजी’ हे औषध तयार केले जाते आणि ते शिरेतून टोचले जाते. माणसाला ते प्रथम १९७६ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात देण्यात आले.

फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नाहीसे होतात आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील स्फटिक हे दोन्ही किरण एकाच वेळी टिपतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी तो पॉझिट्रॉन होता, एवढे त्यावरून कळते. अशा कोट्यवधी रेषांचे गणित मांडून संगणक प्रतिमा उभी करतो.

भारतात ही सुविधा प्रथम मुंबईत आली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये पेट यंत्र व त्यासाठीचे औषध बनविणारे सायक्लोट्रॉन सुरू झाले. पुढे २००४ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट आणि सीटी एकत्र असलेले यंत्र आले.

घड्याळाशी स्पर्धा

फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. म्हणजे दर ११० मिनिटांनी त्याची किरणोत्सारिता निम्म्यावर येते. सायक्लोट्रॉनपासून रुग्णापर्यंत पोहोचण्यास पावणेचार तासांच्या आसपास वेळ गेला, तर मूळ मात्रेचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे हे औषध आणून साठवून ठेवता येत नाही. विमानाला उशीर झाला किंवा रस्ता अडला, तर तितक्या रुग्णांची तपासणी पुढे ढकलावी लागते. मोठ्या शहरांपासून दूर पेट केंद्रे उभी करण्यातील ही प्रमुख अडचण आहे.

यंत्राच्या आत वेग आणि अचूकता यांची ओढाताण असते. तपासणी जितकी कमी वेळाची, तितके टिपलेले किरण कमी आणि प्रतिमा तितकी खरबरीत. हे खरबरीतपण निम्म्यावर आणायचे, तर चौपट किरण टिपावे लागतात. औषधाची मात्रा वाढविली तर रुग्णाला किरणोत्सार अधिक. वेळ वाढविला तर वेदनांनी बेजार झालेला रुग्ण हलतो आणि प्रतिमा पुसट होते. ही कोंडी फोडण्यासाठी संशोधकांनी तीन वाटा धरल्या.

तीन सुधारणा

पहिली वाट सीटीच्या जोडीची. शरीरातून बाहेर येताना काही गॅमा किरण ऊतींमध्ये शोषले जातात. त्याची दुरुस्ती करण्यासाठी जुन्या यंत्रांत वेगळा किरणोत्सारी स्रोत फिरवून बराच वेळ मोजमाप करावे लागे. डेव्हिड टाऊनसेंड व रोनाल्ड नट यांनी पेट आणि सीटी एकाच यंत्रात आणल्यावर हे काम काही सेकंदांत होऊ लागले. शिवाय चमकणारा ठिपका नेमका कोणत्या अवयवात आहे, हेही कळू लागले. पिट्सबर्ग येथे १९९८ मध्ये बसविलेले त्यांचे प्रायोगिक यंत्र आजच्या सर्व पेट-सीटी यंत्रांचे पूर्वज होय.

दुसरी वाट काळाच्या सूक्ष्म मोजमापाची. दोन किरणांपैकी कोणता किती आधी पोहोचला हे कळले, तर रेषेवरील उगमस्थान आणखी जवळून सांगता येते. यासाठी पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागांत मोजणी करावी लागते. सुमारे ६०० पिकोसेकंदांच्या अचूकतेने उगम नऊ सेंटिमीटरच्या टप्प्यात सांगता येतो. २०० पिकोसेकंदांत तो तीन सेंटिमीटरवर येतो. २००६च्या सुमारास बाजारात आलेली या तंत्राची यंत्रे पहिल्या गटातील होती. जलद चमकणारे नवे स्फटिक व सिलिकॉनचे संवेदक यांमुळे आजची उत्तम यंत्रे दुसऱ्या गटात पोहोचली आहेत. याचा फायदा स्थूल रुग्णांच्या प्रतिमांमध्ये अधिक दिसतो.

तिसरी वाट कडे लांब करण्याची. नेहमीच्या यंत्राचे कडे साधारण १५ ते २६ सेंटिमीटर रुंदीचे असते. त्यामुळे शरीराची तपासणी टप्प्याटप्प्याने होते आणि एका टप्प्यावर मोजणी चालू असताना अन्य भागांतून निघणारे किरण वाया जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील सायमन चेरी व रॅमसे बदावी यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘एक्सप्लोरर’ या यंत्राचे कडे सुमारे १९४ सेंटिमीटर लांब आहे. २०१८ मध्ये त्यातून माणसाच्या पहिल्या प्रतिमा मिळाल्या. पूर्ण शरीराची प्रतिमा त्यात एका मिनिटात मिळू शकते, किंवा औषधाची मात्रा बरीच कमी करता येते. मात्र अशा यंत्राची किंमत मोठी आहे.

याच्या जोडीला प्रतिमा उभारणीच्या गणितातही सुधारणा झाल्या. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने थोड्या किरणांतूनही स्वच्छ प्रतिमा मिळविली जाते. परंतु प्रतिमा गुळगुळीत करताना एखादी बारीक गाठही पुसली जाण्याचा धोका असतो. दिसायला सुबक प्रतिमा खरी असेलच असे नाही.

चमकते ते सारे कर्करोग नव्हे

एफडीजी साखरेचा माग काढते, कर्करोगाचा नव्हे. जेथे दाह आहे तेथील पेशीही साखर अधिक वापरतात. क्षयरोग अजूनही मोठ्या प्रमाणावर असलेल्या आपल्या देशात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. क्षयाची गाठ पेट स्कॅनमध्ये कर्करोगाइतकीच प्रखर दिसू शकते. सावनेर परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. खाणीतील धुळीमुळे फुफ्फुसात झालेल्या गाठीही अशाच चमकू शकतात. म्हणून खाणीत केलेल्या कामाची किंवा पूर्वी झालेल्या क्षयाची माहिती डॉक्टरांना देणे अगत्याचे असते. शंका असेल तेथे गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढला जात नाही.

याउलट, काही सेंटिमीटरची नव्हे तर काही मिलिमीटरची गाठ असेल, तर ती फिकी दिसते किंवा नजरेतून निसटते. मेंदू मुळातच भरपूर साखर वापरत असल्याने तेथील छोटी गाठ एफडीजीने ओळखणे अवघड जाते. श्वासाबरोबर फुफ्फुसाचा खालचा भाग व यकृत हलत असतात. सीटी क्षणात होते आणि पेटला काही मिनिटे लागतात. त्यामुळे तेथील ठिपक्याची जागा चुकू शकते. श्वासाच्या लयीनुसार मोजणी विभागून हा दोष कमी केला जातो.

योग्य वेळी केलेली तपासणी किती उपयोगी ठरते, याचे उदाहरण ब्रिटनमधील ५६४ रुग्णांच्या अभ्यासातून मिळते. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. घसा व आसपासचा कर्करोग मानेतील गाठींपर्यंत पसरलेल्या या रुग्णांना किरणोपचार व केमोथेरपी देण्यात आली होती. एका गटात मानेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया ठरवून केली गेली. दुसऱ्या गटात उपचारांनंतर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज वाटली तरच शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८१.५ व ८४.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. शस्त्रक्रिया मात्र पहिल्या गटात २२१, तर दुसऱ्या गटात अवघ्या ५४ झाल्या. हे १२ आठवडे थांबणे आवश्यक असते, कारण किरणोपचाराने आलेली सूजही पेट स्कॅनमध्ये चमकते. खर्रा व तंबाखूमुळे विदर्भात आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर बहुधा आधी शस्त्रक्रियाच केली जाते. त्यामुळे हे निष्कर्ष तेथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

अचूकतेतील रुग्णाचा वाटा

यंत्र कितीही आधुनिक असले, तरी तयारी चुकली तर अहवाल चुकतो. तपासणीपूर्वी किमान चार ते सहा तास काही खाऊ नये. साधे पाणी चालते. रक्तातील साखर फार वाढलेली असेल तर ती एफडीजीशी स्पर्धा करते. म्हणून साधारणपणे दोनशे मिलिग्रॅमच्या वर साखर असल्यास तपासणी पुढे ढकलली जाते. मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन वा गोळ्या केव्हा घ्यायच्या, हे केंद्राला आधीच विचारावे. स्वतःच्या मनाने औषधे बंद करू नयेत.

आदल्या दिवशी जड कष्टाचे काम टाळावे, कारण श्रमलेले स्नायू औषध ओढून घेतात. इंजेक्शननंतर सुमारे एक तास शांत पडून राहावे लागते. त्या वेळी बोलणे, चघळणे टाळावे व अंग उबदार ठेवावे. थंडीने मानेभोवतीची विशिष्ट चरबीही चमकू लागते. हा एक तास कोणत्याही वेगवान यंत्राने कमी झालेला नाही. औषध पेशींत मुरण्यास तो लागतोच.

अहवालात ‘एसयूव्ही’ नावाचा आकडा असतो. त्या जागी औषध किती साठले, हे तो दर्शवितो. तो काढताना रुग्णाचे वजन, दिलेली मात्रा व इंजेक्शनची अचूक वेळ विचारात घेतली जाते. यातील एकही नोंद चुकली तर आकडा चुकतो. म्हणून दोन तपासण्यांची तुलना करायची असेल, तर शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर व इंजेक्शननंतर तितक्याच वेळाने दुसरी तपासणी करावी. जुन्या अहवालाची प्रत व सीडी जपून ठेवून सोबत न्यावी.

गर्भवतींनी व स्तनपान देणाऱ्या मातांनी तशी कल्पना आधीच द्यावी. तपासणीनंतर भरपूर पाणी प्यावे आणि काही तास लहान मुले व गर्भवती यांच्याशी निकट संपर्क टाळावा. गावाहून येणाऱ्या रुग्णाने निघण्यापूर्वी औषध केंद्रात पोहोचत असल्याची फोनवरून खात्री करून घेतली, तर उपाशीपोटी केलेला प्रवास वाया जाण्याची वेळ टळते.