सोवळें आणि डिनर-जाकीट

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण व बरड हे मुक्काम करून सोलापूर जिल्ह्याच्या हद्दींत शिरली, म्हणजे तिचा पहिला मुक्काम नातेपुत्यास पडतो. दिवसभर चालून आलेले वारकरी आपापल्या दिंडींत जेवावयास बसतात आणि ज्या धोतरानें वा लुगड्यानें वाटेची धूळ व आषाढाचा पाऊस झेलला, त्याच वेषांत जेवण आटोपतें. भोजनाचा म्हणून वेगळा वेष तेथें कोणास सुचत नाहीं व परवडणारही नाहीं. मात्र वेष एक असला तरी पंक्ति एक होती असें नव्हे. इरावती कर्वे ह्यांनीं ‘वाटचाल’ ह्या लेखांत, एकाच दिंडींत चालणारे ब्राह्मण व मराठे जेवावयास निरनिराळे बसत, हें नमूद करून त्याबद्दलची आपली खंतही सांगितली आहे. काय नेसून जेवावें आणि कोणाशेजारीं बसून जेवावें, हे दोन प्रश्न आपल्याकडे नेहमीं एकमेकांत गुंतलेले असत. मुंबई बंदर सोडून विलायतेस निघालेल्या आगबोटींवर ह्या दोन्ही प्रश्नांची गांठ एका अगदीं निराळ्या भोजनशिस्तीशीं पडली. तिचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण त्यांत पुष्कळांची उपासमार आणि पुष्कळांचा अपमानही आहे.

पी. अँड ओ. ह्या नांवानें हिंदुस्थानांत घरोघर ठाऊक झालेली कंपनी १८३७ सालीं निघाली; १८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाल्यावर तिच्या बोटी मुंबईहून थेट तांबड्या समुद्रांतून भूमध्य समुद्रांत जाऊं लागल्या. पहिल्या वर्गाचा प्रवासी म्हणजे बहुधा बडा मुलकी अंमलदार, लष्करी अधिकारी किंवा गबर व्यापारी. ह्या मंडळीनें आपल्या बंगल्यांतील व लष्करी मेजवानीच्या दालनांतील रीत बोटीवरही चालू ठेविली. सायंकाळीं जेवणाच्या आधीं अर्धा तास पहिली घंटा किंवा बिगुल होई, तो जेवणाचा नसून कपडे बदलण्याचा. दुसरा इशारा झाला कीं स्त्रिया लांब झग्यांत व पुरुष काळा कोट, ताठ पांढरा सदरा आणि गळ्याला बो अशा थाटांत खालीं उतरत. सामानावर ‘केबिनमध्यें हवें’, ‘प्रवासांत लागणार’ व ‘प्रवासांत न लागणार’ अशा चिठ्ठ्या डकवीत. बोटीवरील पहिल्या व शेवटच्या रात्रीं वेष बदलण्याची सक्ति नसे, कारण पेट्या एक तर उघडलेल्या नसत किंवा बांधून झालेल्या असत. शिष्टाचारालाही अखेर हमालांच्या सोयीपुढें मान लववावी लागे ती अशी.

हा डिनर-जाकीटाचा वेष कांहीं सनातन नव्हता. लांब शेपटांचा कोट हाच मूळचा खरा सायंवेष. आंखूड कोटाची कथा अशी सांगतात कीं, १८६५ सालीं प्रिन्स ऑफ वेल्सनें, म्हणजे पुढें सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्रानें, लंडनच्या हेन्री पूल ह्या शिंप्याकडून घरगुती जेवणासाठीं एक सुटसुटीत कोट शिववून घेतला. म्हणजे जो कपडा पुढें कडक नियमाचें चिन्ह झाला तो जन्मला एका राजपुत्राच्या आळसांतून! त्याहून गमतीची गोष्ट कमरेच्या पट्ट्याची. जाकिटाच्या आंत वासकूट घालण्याऐवजीं रुंद रेशमी पट्टा गुंडाळण्याची रीत हिंदुस्थानांतील गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनीं येथील उकाड्यामुळें उचलली. ह्या पट्ट्याला इंग्रजींत आजही जें नांव आहे तें आपलें, फारशींतून आलेलें ‘कमरबंद’ हेंच. तांबड्या समुद्रांतील उष्म्यांत काळा कोट असह्य झाला म्हणजे पांढरा कोट निघे. आणि पुढें तर कोट मुळींच नाहीं, नुसता पांढरा सदरा व कमरबंद, अशा वेषाला ‘तांबड्या समुद्राचा वेष’ असें नांवच पडलें. शिपायांच्या व जासुदांच्या कमरेचा पट्टा साहेबाच्या मेजावर असा मानानें जाऊन बसला. तो ज्यांच्या कमरेचा होता त्यांना मात्र त्या मेजावर सहजासहजीं जागा नव्हती.

आतां ह्या बोटीवर पाय ठेवणाऱ्या मराठी माणसाच्या घरची रीत पाहावी. जेवणासाठीं वेष बदलावा हें त्याला नवीन नव्हतें. उलट साहेबानें लाजावें असा कडक नियम त्याच्या घरीं होता. पांढरपेशा ब्राह्मण घरांत पुरुष जेवावयास निघाला म्हणजे पगडी, अंगरखा, बंडी सारें उतरे, आणि रेशमी मुकटा किंवा धुवून वाळलेलें सोवळ्याचें धोतर नेसून उघड्या अंगानें पाटावर बसे. हें धोतर उंच दांडीवर वाळत टाकलेलें असे व तें काठीनें काढीत, कीं मध्येंच कोणाचा हात लागूं नये. रेशीम व लोंकर हीं जात्याच शुद्ध मानीत. कापूस मात्र रोज धुतल्यावांचून शुद्ध नव्हे. शाळेंतून आलेल्या पोरानें धांवत येऊन मिठी मारली कीं वडिलांचें सोवळें मोडलें. पण तेंच पोर उघडें असेल तर पुष्कळ घरीं चालून जाई, कारण विटाळ वाहून नेतें तें वस्त्र, अंग नव्हे, असा समज होता. मुकट्याला शिवण नसे. शिवलेला कपडा, मग तो कितीही किंमतीचा असो, पंक्तीला निषिद्ध.

दोन्ही रीतींतील साम्य आणि विरोध येथेंच आहे. दोहोंतही रोजचा वेष बाहेर टाकून आंत यावें लागे. दोहोंतही चूक करणारा माणूस दारांतच ओळखूं येई. पण एका घरीं सुईचा स्पर्श झालेलें वस्त्र चालत नाहीं, तर दुसऱ्या घरीं उत्तम शिंप्याच्या कसबावांचून प्रवेश नाहीं. एकींत अंग उघडें टाकणें ही शुचिता, दुसरींत मनगट व गळ्यापर्यंत अंग झांकणें ही सभ्यता. त्यांतून समुद्रयान हें कलिवर्ज्यांत गणलेलें. तेव्हां बोटीवरचें अन्न, बोटीवरचें पाणी आणि बोटीवरची पंगत ह्या तिन्हींचा दोष लागावयाचा.

ह्या पेंचांत सांपडलेला पहिला प्रसिद्ध मराठी प्रवासी राघोबादादांचा वकील हणमंतराव. १७८१ सालीं तो इंग्लंडांत गेला असतां एडमंड बर्कनें त्याला बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेंतील कांचघर स्वयंपाकाला व भोजनाला मोकळें करून दिलें. रोपांसाठीं बांधलेल्या त्या घरांत ह्या ब्राह्मणाला आपला आचार सांभाळतां आला. यजमानानें पाहुण्याला आपल्या मेजावर ओढलें नाहीं, हें बर्कचें सौजन्य एरवीं फारच थोड्यांच्या वांट्यास आलें. स्वदेशीं मात्र आचार सांभाळल्याचें कौतुक झालें नाहीं. परतल्यावर सुवर्णाच्या योनींतून बाहेर पडून जणूं पुन्हां जन्म घेण्याचें प्रायश्चित्त त्याला करावें लागलें.

शंभर वर्षांनीं, ७ एप्रिल १८८३ रोजीं, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ह्या बोटीनें निघाल्या. वय अठरा वर्षांचें. सोबतीला मिशनरी बायका. पति गोपाळराव मागें राहिलेले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथील जाहीर व्याख्यानांत, आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच तेथें राहूं, असें त्यांनीं सांगितलें होतें. ती प्रतिज्ञा बोटीवर रोज दोन वेळां कसास लागे. मेजावर मांसाशिवाय फारसें कांहीं नसे, आणि त्या मांसाला शिवत नसत. तेव्हां निवडून जें मिळे त्यावर भागवावें लागे. अंगावर नऊवारी लुगडें. वेषाचा नियम तोडल्याबद्दल नव्हे, तर तो पाळल्याबद्दल सोसणें म्हणजे काय, हें पाहावयाचें असेल तर हा प्रवास पाहावा. ४ जूनला त्या न्यूयॉर्कास पोंचल्या. पुढें अमेरिकेच्या थंडीनें त्यांना लुगडें गुजराती पद्धतीनें नेसावयास लाविलें. म्हणजे त्यांनीं नेसण्याची तऱ्हा बदलली, पण वेष सोडला नाहीं. १८८६ च्या मार्चांत त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या.

पुरुषांची तऱ्हा निराळी. त्यांनीं वेष चटकन् बदलला. अडलें तें जेवण्याशीं. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून ‘क्लाईड’ बोटीनें निघालेला मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा तरुण बोटीवर काळा सूट घालीत असे. पण सुरीकांट्याची संवय नाहीं, कोणत्या पदार्थांत मांस आहे हें विचारण्याचें धैर्य नाहीं, म्हणून तो मेजावर कधीं गेलाच नाहीं. घरून आणलेली मिठाई व फळें खोलींत बसून खाई. उतरण्याच्या दिवसासाठीं जपून ठेविलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यानें सप्टेंबरअखेर साउदॅम्टनला चढविला, आणि साऱ्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच निघाला. हें त्यानेंच पुढें आत्मकथेंत सांगितलें आहे.

हे सारे प्रकार दूर समुद्रावरचे, म्हणून पुण्याची मंडळी निश्चिंत होती. तिला धक्का दिला तो आनंदीबाईंच्याच पतीनें. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत गोपाळरावांनीं एक सभा भरविली. चहा व बिस्किटें आलीं. रानडे, टिळक व गोखले अशीं माणसें हजर होतीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसतीं पुढें सारलीं. पण गोपाळरावांनीं साऱ्यांचीं नांवें ‘पुणे वैभव’ पत्रांत छापवून टाकिलीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि अखेर रानडे व टिळक दोघांनींही प्रायश्चित्त घेतलें. ज्याची पत्नी आचार सांभाळीत सातासमुद्रांपलीकडे गेली, त्यानें घरबसल्या आचारवाल्यांची अशी फजिती करावी, हा योग विलक्षण खरा. त्यांत सूड होता कीं थट्टा होती, हें ठरविणें कठीण. गोपाळरावांच्या स्वभावांत दोन्ही बसत असत.

आतांपर्यंतची हकीकत ज्यांना पंक्तींत जागा होती त्यांची झाली. ज्यांना पंक्तीच्या अंगणांतही उभें राहूं देत नसत, त्यांना बोटीवरचा कोट वेगळा दिसला असल्यास नवल नाहीं. सुटाला जात लागत नाहीं. पैसे व शिंपी लागतो. भीमराव आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कास गेले. युरोप-अमेरिकेंतील वास्तव्यांत आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच पुसून गेली होती, असें त्यांनीं पुढें लिहिलें आहे. पण १९१७ सालीं नोकरीसाठीं बडोद्यास उतरले तेव्हां त्याच वेषांतील, त्याच विद्येच्या माणसाला राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारशाळेंत त्यांनीं पारशी नांवानें दिवस काढले, आणि ओळख फुटतांच लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना तेथून हांकलून दिलें. परदेशांत पुरेसा झालेला कोट बडोद्याच्या रस्त्यावर कांहींच कामाला आला नाहीं. १९२७ च्या डिसेंबरांत महाडास जमलेल्या स्त्रियांना त्यांनीं जातीची खूण दाखविणारें लुगड्याचें नेसणें व दागिने टाकावयास सांगितलें, आणि त्यांनीं तें लगेच मनावर घेतलें. पोषाखावर इतका भर कां, असें विचारणारांनीं बडोद्याची रात्र आठवावी.

बोटीवरचा समभाव तरी कितपत खरा होता? दालनांत वाढणारे गोव्याचे ख्रिस्ती नोकर शुभ्र पोषाखांत उभे असत. डेकवर कोंकणचे व गुजराथचे खलाशी. त्यांचा स्वयंपाक वेगळा, ‘भंडारी’ नांवाचा त्यांचा आचारी वेगळा, व जेवण भुईवर बसून. म्हणजे एकाच बोटीवर वर झुंबरांखालीं कमरबंदाची पंगत आणि बाहेर भाताची पंगत, अशा दोन्ही रोज उठत.

बोटी परक्यांच्या, म्हणून रीतही परक्यांची, हें कांहीं उद्योगी पुरुषांनीं ओळखलें होतें. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद त्यांतले एक. नातेपुत्याच्या उत्तरेस नीरेपलीकडे त्यांच्या नांवाचें वालचंदनगर आहे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९१९ सालीं सिंधिया कंपनी काढली आणि ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ ही तिची पहिली बोट मुंबईहून विलायतेस निघाली. हीच बोट पूर्वीं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नांवानें पॅसिफिकवर श्रीमंत प्रवाशांना नेत असे. मध्यंतरीं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं ती घेऊन युद्धांत रुग्णनौका केली होती. प्रवाशी वाहतुकींत परदेशी कंपन्यांपुढें तिचा टिकाव लागला नाहीं व १९२३ सालीं ती मोडींत गेली. मालवाहतुकींत सिंधियानें जम बसविला, पण विलायतेच्या प्रवासाचें दालन साहेबाच्याच हातीं राहिलें.

१९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं दोन बोटी पंधरवड्याच्या अंतरानें मुंबईहून सुटल्या. १५ ऑगस्टला ‘मुलतान’ बोटीनें आंबेडकर निघाले, ते सुटांत. २९ ऑगस्टला ‘राजपुताना’ बोटीच्या दुसऱ्या वर्गानें गांधी निघाले, ते पंच्यांत; आणि ५ नोव्हेंबरला त्याच पंचा-शालींत ते बकिंगहॅम राजवाड्यांत चहाला गेले. सूट टाकणें एकाला शक्य झालें, कारण पंच्यांतही त्याला महात्मा म्हणूनच ओळखीत. दुसऱ्याला सूट टाकून परत जावें असें कांहीं मागें उरलेंच नव्हतें. वेषावरून ह्या दोघांची तुलना करून एकास देशी व दुसऱ्यास साहेबी ठरविणारांनीं ही बाजू फारशी लक्षांत घेतली नाहीं.

विमानांनीं ती बोटवाहतूक संपविली. क्युनार्ड कंपनीच्या सहलीच्या जहाजांवर मात्र ठराविक रात्रीं डिनर-जाकीट किंवा गडद सूट अजून लागतो. ज्यांना तो वेष करावयाचा नसेल त्यांच्यासाठीं निराळी उपाहारगृहें राखलेलीं असतात. २०२१ पासून मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ ह्या नांवानें सहलीचें जहाज सुटूं लागलें. त्यावर कांदालसणाशिवायचें जैन भोजन मिळतें, आणि आनंदीबाईंना दोन महिने जें मिळालें नाहीं तें आतां आगाऊ सांगून ठेवतां येतें.