महसूल अभिलेख : प्रवेशाधिकार व खातेव्यवस्था (बीड जिल्हा)

अनेकांच्या उपयोगासाठी एके ठिकाणी ठेवलेल्या नोंदी कोणी पाहाव्यात, कोणी लिहाव्यात, लिहिलेले कोणी प्रमाणित करावे आणि त्यांची नक्कल कोणी बाहेर न्यावी, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस प्रवेशाधिकार-व्यवस्था म्हणता येईल. संगणकयुगात अशा नोंदी सर्व्हर या मध्यवर्ती संगणकावर साठवितात, प्रत्येक अधिकृत वापरकर्त्यास त्यावर खाते देतात, त्याची ओळख परवलीच्या शब्दाने किंवा अन्य खुणेने पटवून घेतात आणि फाइलींची ने-आण ठराविक नियमांनी करतात. तंत्र नवे असले, तरी मूळ प्रश्न जुना आहे. जमिनीच्या नोंदींबाबत तो विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण एका नोंदीवर कुटुंबाची शेती, पीककर्ज, पीकविमा व वारसाहक्क अवलंबून असतात. बीड जिल्ह्यात (क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी.; लोकसंख्या २५,८५,०४९ – २०११) वतनी दप्तर, निजामी राजवटीतील पत्रके, सातबारा व संगणकीय अभिलेख अशा चार अवस्थांतून हा प्रश्न गेलेला आढळतो.

वतनी दप्तर : मराठी मुलखातील गावगाड्यात लेखनाचा अधिकार कुलकर्ण्याकडे, तर वसुलीची व गावच्या कारभाराची जबाबदारी पाटलाकडे असे. परगण्याच्या पातळीवर देशमुख व देशपांडे हे अनुक्रमे तशीच कामे पाहत. कुलकर्ण्याचे कागद त्याच्या घरी रुमालात बांधलेले असत आणि त्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याच्याच हातून जाई. या मक्तेदारीस दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे देशपांड्याच्या दप्तरात परगण्याचा स्वतंत्र हिशेब असल्याने गावच्या कागदाचा पडताळा घेता येई. दुसरी म्हणजे महजरासारख्या निवाडपत्रावर उपस्थित वतनदारांच्या निशाण्या घेतल्या जात. पाटलाची निशाणी नांगर असे. त्यामुळे निरक्षर माणसाचीही साक्ष कागदावर ओळखता येई. सरकारी पत्राच्या अखेरीस उमटविलेला मोर्तब शिक्का मजकूर तेथे संपल्याचे दर्शवी आणि त्याखाली मागाहून भर घालणे त्यामुळे अवघड होई. लेखकाची ओळख, मजकुराची अखंडता व दुसऱ्या ठिकाणची प्रत ही अभिलेखरक्षणाची तीन अंगे अशा रीतीने त्या काळीही जाणलेली होती. अधिकार वंशपरंपरेने चालत असल्यामुळे तो काढून घेणे मात्र दुरापास्त होते, हा या व्यवस्थेचा मोठा दोष होय.

निजामी राजवट : बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या सालारजंगाच्या कारकीर्दीत १८६५ मध्ये जिल्हाबंदी होऊन वेतनी महसूल अधिकाऱ्यांची उतरंड उभी राहिली. १८८४ च्या सुमारास राज्यकारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मात्र मोडी लिपीतील मराठी लेखन चालू राहिले. परिणामी एकाच जमिनीविषयीचे कागद दोन भाषांत व दोन लिप्यांत आढळतात. ते वाचू शकणारा माणूस हाच शेतकऱ्याच्या दृष्टीने दप्तराचा दरवाजा ठरला. मोजणीनंतर तयार होणारे सेतवार, पाहणी पत्रक व वसुलीचे हिशेब हे या काळातील प्रमुख अभिलेख होत. त्यांवर फसली सन असतो; त्यात साधारणतः ५९० मिळविले असता इसवी सन मिळतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाल्यानंतर कुळकायदा (१९५०) व इनाम रद्द करणारा कायदा (१९५४) आला. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा मराठवाड्यातील जमीनविषयक वादांत आजही वारंवार दाखल होणारा पुरावा आहे.

सातबारा व अधिकारांचे विभाजन : १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर राज्याच्या निरनिराळ्या भागांतील महसूल कायद्यांची जागा एका कायद्याने घेतली. त्यातील अधिकार-अभिलेखाच्या तरतुदींचे मर्म असे, की लिहिणारा व प्रमाणित करणारा हे दोघे भिन्न असावेत. हक्कात बदल झाल्याची वर्दी मिळताच तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतींसाठी किमान पंधरा दिवसांची मुदत ठेवतो. मंडळ अधिकारी ती नोंद तपासून मंजूर किंवा नामंजूर करतो. याच अधिनियमाच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. तथापि चुकीची नोंद एकदा प्रमाणित झाली, की ती खोटी असल्याचे दाखविण्याचा भार ज्याची जमीन गेली त्याच्यावर पडतो. म्हणूनच लेखणी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न केवळ कार्यालयीन राहत नाही.

संगणकीय खात्यांचा उगम : महाराष्ट्रात हा कायदा आकारास येत असताना संगणकशास्त्रापुढेही याच स्वरूपाचा प्रश्न उभा होता. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, या हेतूने अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये कालविभागणी पद्धतीचे प्रात्यक्षिक केले. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राखण्यासाठी या पद्धतीत वापरकर्त्यास परवलीचा शब्द देण्यात आला. १९६६ मध्ये दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल होऊन सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येक वापरकर्त्यासमोर छापले गेले. कुलपांच्या किल्ल्या कोठे ठेवाव्यात, हा प्रश्न कुलपाइतकाच गंभीर असल्याचे या प्रसंगाने दाखविले. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीने प्रत्येक फाइलीबाबत मालक, गट व इतर असे तीन वर्ग आणि वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन अधिकार रूढ केले. परवलीचा शब्द जसाच्या तसा न साठविता त्याचे उलट न वाचता येणारे रूप साठवावे, ही पद्धतीही युनिक्समुळे प्रसार पावली.

फाइलींच्या ने-आणीसाठी अभय भूषण या भारतीय अभियंत्याने १६ एप्रिल १९७१ रोजी एफटीपी या नियमावलीचा पहिला मसुदा प्रसृत केला. भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होत. १९८५ मध्ये या नियमावलीस दीर्घकाळ टिकलेले प्रमाणित रूप आले. तिच्यात वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द उघड्या स्वरूपात तारेवरून जात. परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या संशोधकांच्या जाळ्यात त्याची फारशी भीती नव्हती. इंटरनेट सार्वजनिक झाल्यावर मात्र वाटेत शब्द टिपून घेणे सोपे झाले. अशाच एका घटनेनंतर फिनलंडमधील ताटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सांकेतिक पद्धती तयार केली. तिच्यावर आधारलेले सुरक्षित फाइल-हस्तांतर आज सर्वत्र वापरले जाते.

महाराष्ट्रातील संगणकीकरण : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली व पुढील दशकात त्याचे जाळे जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचले. भूमी अभिलेख संगणकीकरणाचा पथदर्शी प्रकल्प केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत हाती घेतला. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडण्यात आला होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे संगणकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. दुसऱ्याची स्वाक्षरी किंवा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा या कायद्याच्या सुधारित कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा अपराध आहे. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यातून ई-फेरफार ही प्रणाली आली. हस्तलिखित सातबारा व संगणकीय सातबारा जुळतात की नाहीत, हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करण्यात आले. यंत्रातील नोंद गावासमोर मोठ्याने वाचून दुरुस्त करण्याचा हा उपक्रम जुन्या गोतसभेची आठवण करून देणारा होता. १ मे २०१८ पासून संगणकीय स्वाक्षरी असलेला सातबारा नागरिकांस मिळू लागला.

बीड जिल्ह्यातील आजचे स्वरूप : जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील नोंदी प्रथम स्थानिक संगणकांवर व पुढे राज्यस्तरीय माहितीकेंद्रात ठेवल्या गेल्या. रुमाल गावातून हलला. लेखणीचा अधिकार मात्र खात्याच्या रूपाने गावच्या अधिकाऱ्याकडेच राहिला. तलाठ्याचे खाते त्याच्या सजापुरते, मंडळ अधिकाऱ्याचे मंडळापुरते मर्यादित असते. खात्यातील अधिकार पदामुळे मिळतो. म्हणून बदली, निलंबन किंवा सेवानिवृत्ती होताच जुने खाते बंद होणे व नव्या अधिकाऱ्यास स्वतंत्र खाते मिळणे आवश्यक असते. या टप्प्यावरील ढिलाई ही व्यवस्थेची सर्वांत नाजूक जागा होय. स्वाक्षरीचे साधन मदतनिसाच्या हाती दिले, तर लिहिणारा व प्रमाणित करणारा यांतील कायद्याने घातलेली भिंतच नाहीशी होते; प्रणालीत उमटणारे नाव अधिकाऱ्याचे असते, पण बोट दुसऱ्याचे. उलटपक्षी, कोणत्या खात्यातून कोणत्या क्षणी कोणता बदल झाला, याची आपोआप राहणारी नोंद हा संगणकीय व्यवस्थेचा मोठा गुण आहे. कुलकर्ण्याच्या रुमालात खाडाखोड कधी झाली, हे सांगणारे असे साधन नव्हते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्यास प्रथमच सातबाऱ्यावर स्वतः नोंद करण्याचा अधिकार दिला. तो पिकांच्या नोंदीपुरता मर्यादित असून मालकीच्या भागास स्पर्श करीत नाही. जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडणीसाठी अन्य जिल्ह्यांत जातात. त्यांना दूर राहून आपला उतारा पाहता येणे ही सोय आहे. परंतु हंगामात मोबाइल संच व त्यावर येणारा संकेतांक नातलगाच्या किंवा सेवाकेंद्र चालकाच्या स्वाधीन करावा लागला, तर हीच सोय धोक्याची ठरू शकते.

जुन्या दप्तराचे महत्त्व २०२३ मध्ये पुन्हा प्रत्ययास आले. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि उर्दू व मोडी कागदांच्या प्रतिमा काढून त्या सार्वजनिक करण्याचे काम सुरू झाले. पिढ्यान्पिढ्या मोजक्या वाचकांपुरते राहिलेले हे कागद त्यामुळे सर्वांसमोर आले. मात्र प्रतिमा पाहण्याचा अधिकार सर्वांना, लिप्यंतराचा अधिकार जाणकारांना आणि मूळ कागदास हात लावण्याचा अधिकार नेमक्या अभिलेखपालास, ही विभागणी येथेही अटळ असते. पाहण्याचा अधिकार जितका विस्तृत व लिहिण्याचा जितका मर्यादित, तितका अभिलेख विश्वासार्ह, हे सूत्र वतनी दप्तरापासून सर्व्हरपर्यंतच्या या इतिहासातून निष्पन्न होते.