पिशवी

आमच्या वाशीकडे (नवी मुंबईची नव्हे हो, धाराशिव जिल्ह्यातली!) गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात. मावशीने तिशीतच पिशवी काढली. अंगावरून पांढरं जायचं; डॉक्टर म्हणाले, ठेवली तर कॅन्सर होईल. झालं! अंडाशयंही गेली, हे नंतर कळलं. मग अंगाची लाही, हाडं ठणकणं... पाळी जायच्या वयाआधीच सगळं आलं.

मावशी-काका ऊसतोडीला जायचे. खाडा झाला की मुकादम पैसे कापायचा. पाळी नाही तर खाडा नाही, असा साधा हिशेब.

२०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली: ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली.

आणि आमच्याच जिल्ह्यात, अणदूरला, नव्वदच्या दशकापासून डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांनाच शिकवून 'भारतवैद्य' केलं होतं. गरोदरपणापासूनची दुखणी ओळखीच्या बाईला सांगता येत.

मावशीला हे सांगितलं. म्हणाली, "आमच्याकडं नव्हती गं आली कुणी."