किंगरीचा हक्क आणि कलावंताचा फॉर्म

आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठीबद्दल बोलायचं म्हटलं की आपण सगळे त्याच चार गोष्टी सांगतो. हरिपाठ, सप्ताह, पंढरीची वारी, १९५६ च्या आधीच्या शाळा आणि यवतमाळ-किनवटकडची सोयरीक. मीही आजवर हेच सांगत आलो. पण ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलली जाते आणि तरी ज्यांना आपण आपल्या मराठीच्या हिशेबात कधी धरलं नाही, अशा लोकांबद्दल आज लिहितो. ते म्हणजे परधान.

आमच्या तलमडुगुकडच्या माणसाला किंगरीचा आवाज नवा नाही. तीन तारांचं वाद्य, गजानं वाजवायचं. लहानपणी शेतावर जाताना गोंडांच्या गुड्यावरून तो ऐकू यायचा. घरी विचारलं तर उत्तर एकच, "त्यांच्यात कोणीतरी गेलं असेल." एवढ्यावरच आमची चौकशी संपायची. वाजवणारा माणूस बाजारात आमच्याशी आमच्यासारखीच वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतो, मग गातो मात्र गोंडीत, हे कसं काय, असं विचारावंसं कोणालाच वाटलं नाही.

मला ते विचारावं लागलं ते एका फॉर्ममुळे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका वयस्कर परधान बाबांना कलावंतांच्या पेन्शनचा अर्ज भरून द्यायला मी बसलो. कलाप्रकार, भाषा, किती वर्षांचा अनुभव इथपर्यंत ठीक चाललं. पुढे पुरावे मागितले होते. कार्यक्रमांची प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, स्टेजवरचे फोटो. बाबा हसले. म्हणाले, "मयतीत कोण फोटो काढते, बाबू? अन् सर्टिफिकेट कोण देईल, मेलेला?" साठेक वर्षं वाजवलेल्या माणसाकडे एक कागद नव्हता. अर्ज दिला, परत आला, पुन्हा दिला, पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी ते आलेच नाहीत. तेव्हापासून या विषयाचा जमेल तसा मागोवा घेत आलो.

आधी परधानांचं काम काय ते नीट समजून घ्यायला हवं. ते राजगोंडांचे वंशपरंपरागत गाथाकार. गोंडांच्या कुळांचे मुख्य चार गट, चार भाऊ, पाच भाऊ, सहा भाऊ आणि सात भाऊ असे ओळखले जातात. प्रत्येक गटाची आपली गाथा आहे. देव कुठून आले, पहांदी कुपार लिंगाल यांनी गोंडांना कसं बाहेर काढलं, कोणतं कूळ कुठून कुठं गेलं, हे सगळं त्या गाथेत असतं. ती पाठ असते परधानाला. कुळाच्या पेर्सा पेनची पूजा असो, लग्न असो की मृत्यूनंतरचा विधी, परधानानं किंगरी वाजवून गाथा म्हटल्याशिवाय ते पुरं होत नाही. सोबत ढोल आणि सनईसारखं पेपरे. म्हणजे गोंडांचा इतिहास आणि धर्म गोंडी भाषेत सांभाळून ठेवला तो घरी मराठी बोलणाऱ्या माणसांनी. मला तर हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

आता मोबदल्याची गोष्ट. परधानाला मिळायचं ते दान नव्हतं, हक्क होता. ठरावीक गोंड घराणी ठरावीक परधान घराण्याची यजमान. लग्नात, विधीत धान्य, कापड, कधी जनावर, पैसे द्यायचेच. मेलेल्या माणसाचे कपडे परधानाला जायचे. आणि महत्त्वाचं म्हणजे हे नातं घराण्याशी होतं, गावाशी नव्हतं. यजमान गाव सोडून चाळीस कोसांवर गेला तरी परधान त्याच्याकडे जायचा आणि त्याला मान द्यावा लागायचा. दुसऱ्या परधानाला बोलावून भागायचं नाही. म्हणूनच कलाकाराचं पोट आणि कलेचं शिक्षण दोन्ही त्या एका नात्यावर चाललं. बाप यजमानाकडे जायचा, पोरगा ढोल घेऊन मागे मागे जायचा, ऐकत ऐकत शिकायचा. शिष्यवृत्ती म्हणा, दौरा म्हणा, मानधन म्हणा, सगळं त्यातच होतं.

हे सगळं गोड नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. गोंड परधानाला आपल्यापेक्षा खालचा मानायचे. त्याच्या हातचं खात नसत, त्याच्याशी सोयरीक करत नसत. ज्याच्यावाचून देव पावत नाही त्याला पंगतीत मात्र बाजूला बसवायचं. आपल्या गावगाड्यात हेच होतं, तेव्हा आपण नाक मुरडण्यात अर्थ नाही. शिकलेल्या पोराला ते जिणं नको वाटलं, यात त्याचं काय चुकलं?

या गाथा पहिल्यांदा व्यवस्थित लिहून घेतल्या त्या १९४० च्या दशकात. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर आदिवासी का उठले याचा अभ्यास करायला निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. ते मार्लवाईत राहिले, परधानांना समोर बसवून गाथा उतरवून घेतल्या आणि १९४८ मध्ये त्यांचं 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की परधानांची मातृभाषा मराठी. त्याच काळात मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं आणि गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण इथं जो थोडाफार शिकलेला गोंड होता त्याला मराठीमुळे देवनागरी येत होती. म्हणजे तेव्हाच्या सरकारी पैशाला मराठी हा इथला पूल वाटत होता.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. आपल्या घरांत या तारखेच्या आठवणी म्हणजे शाळेत मराठीच्या जागी तेलुगू आली. पण परधानाचं काय झालं बघा. त्याचे यजमान अर्धे इकडे, अर्धे तिकडे. एका घराण्याची गाथा म्हणायला तो राजुऱ्याकडे गेला तर परराज्यात जायचा. पाय चालत राहिले, कारण पायाला सीमा दिसत नाही. कागदाला मात्र दिसते.

आणि नेमका याच वर्षांत कलेसाठी सरकारी पैसा सुरू झाला होता. १९५३ मध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. पलीकडे, आजच्या महाराष्ट्रात, वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, कित्येक भजनी, शाहीर, दंडारवाले म्हातारे तिच्यावर जगतात. पण अट महाराष्ट्राच्या रहिवासाची. आमच्याकडचा मराठी बोलणारा परधान तिथं बसत नाही.

इकडे तेलंगणात २०१४ नंतर कलाकारांकडे जास्त लक्ष गेलं हे मान्य करावं लागेल. तेलंगणा सांस्कृतिक सारथी या संस्थेत सुमारे ५५० कलाकारांना नोकऱ्या मिळाल्या. पण त्यांचं मुख्य काम सरकारी योजना गाण्यांतून लोकांपर्यंत नेण्याचं आणि भाषा तेलुगू. मार्लवाईचे गुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा शासकीय इतमामात निरोप दिला गेला. अख्ख्या जिल्ह्याला अभिमान वाटला. तरीही बघा, गुसाडी दिसतो. मोरपिसांचा टोप दिसतो, दिल्लीच्या परेडमध्ये शोभतो. रात्रभर चालणारी गोंडी गाथा परेडमध्ये कशी बसणार? जे दोन मिनिटांत दाखवता येतं त्याला पैसा लवकर मिळतो, हा काही कोणाचा दुष्टपणा नाही, पण परिणाम तोच होतो.

सरकारी पैशानं परधानांचं भलंही झालंय, तेही याच जमातीच्या दुसऱ्या शाखेचं. मध्य प्रदेशात पाटणगढ नावाचं परधानांचं गाव आहे. तिथल्या परधानांवर आपल्या शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मराठी माणूस, व्हेरियर एल्विन यांचा सोबती, पण आपल्याकडे नाव किती जणांना माहीत आहे? त्याच पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा तरुण. १९८२ मध्ये भोपाळला सरकारी पैशातून भारत भवन उभं राहिलं. तिथले चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी गावोगाव माणसं पाठवली, त्यांना भिंतीवरची चित्रं काढणारा जनगढ सापडला. त्याला भोपाळला आणलं, कागद-रंग दिले, नोकरी दिली. १९८९ मध्ये त्याची चित्रं पॅरिसला पोचली. त्याच्या मागून गावातल्या कित्येकांनी ब्रश धरला. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाला. जनगढ मात्र २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना तिकडेच, अकाली गेला. यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, सरकारनं स्टेजचा फोटो न मागता स्वतः गावात जाऊन कलाकार शोधला तर काय होऊ शकतं. दुसरी, तिथं चित्र जगलं, कारण चित्र विकता येतं. कंठातली गाथा विकत घेऊन भिंतीवर लावता येत नाही. तिला ऐकणारा यजमानच लागतो.

म्हणून केसलापूरचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पुष्य अमावास्येला मेश्राम कुळाची नागोबाची यात्रा भरते. गोदावरीचं पाणी पायी चालत आणायचं, नागोबाची पूजा मांडायची, आणि मेश्रामांचे परधान त्यात वाजवणार, कुळाची कथा सांगणार. यात्रेत सरकारी अधिकाऱ्यांचा दरबारही भरतो, तो १९४० च्या दशकापासून. पण नागोबाचं नवं दगडी मंदिर मेश्रामांनी आपसात वर्गणी काढून बांधलं, डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिष्ठापना झाली. जिथं कूळ जागं आहे तिथं परधानाला काम आहे. अनुदान असो नसो.

मग सरकारी पैसा नकोच का? तसं नाही. केंद्र सरकारची साठीपुढच्या गरजू कलाकारांना दरमहा ६,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आहे, ती राज्याची सीमा बघत नाही. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या क्षेत्रात महाराष्ट्रही येतो आणि तेलंगणाही. १९५६ नं जे तोडलं ते निदान या एका कार्यालयाच्या नकाशावर जोडलेलं आहे. अशा केंद्रांकडे गुरु-शिष्य परंपरेची योजना असते, ठरावीक मुदतीसाठी गुरूला दरमहा ७,५०० आणि शिष्याला १,५०० रुपये. परधानाच्या जुन्या हक्काच्या सगळ्यात जवळ जाणारी सरकारी योजना मला हीच दिसते, कारण ती स्टेजला नाही, शिकवण्याला पैसे देते. पोरगा ढोल घेऊन मागे चालला तर त्याला थोडे पैसे मिळतात.

पण तिथवर पोचायला अर्ज लागतो, आणि अर्ज लिहिता येणारी माणसं आपण आहोत. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी होते, वकील आहेत, पोरं तर सगळी मोबाईलवरच असतात. सप्ताहाची पत्रिका आपण आठ दिवसांत छापून आणतो. एखाद्या परधान बाबाचं रेकॉर्डिंग करणं, यजमान घराण्यांची नावं लिहून घेणं, सरपंचाकडून दाखला आणणं आपल्याला जड आहे का? अडचण एवढीच आहे की आजवर ते काम आपलं वाटलं नाही. आदिलाबादची मराठी म्हणजे आपण, असं आपण धरून चाललो. तेलुगूवाल्यांनी आपल्याला मोजलं नाही अशी तक्रार आपण सत्तर वर्षं करतोय. आपण कोणाला मोजलं नाही, हेही एकदा बघू.

ते बाबा आता नाहीत. त्यांच्या मुलानं किंगरी ठेवली आहे. वाजवता येत नाही, पण विकलीही नाही. त्याला म्हटलं, "एखादा गुरू शोधू, जाशील का?" तो म्हणाला, "काका, तुम्ही फॉर्म आणा, मग पाहू." या वेळी पुरावे आधी गोळा करायचे ठरवलंय. तुमच्या आसपास, तलमडुगु, तामसी, बेला, जैनद, किनवट, पांढरकवडा, राजुरा कुठंही, किंगरी वाजवणारं कोणी असेल किंवा कोणाच्या घरी जुना फोटो असेल, ज्यात ते मागे कोपऱ्यात का होईना दिसतात, तर घरच्यांना विचारून मला सांगा. तो फोटो आता पुरावा म्हणून लागणार आहे.