मजकूर एक, पोशाख अनेक

छापलेल्या कागदावर दोन गोष्टी असतात. एक मजकूर, दुसरा त्याचा पोशाख. लग्नपत्रिकेतली वधूवरांची नावे, तिथी, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता हा मजकूर. नावे मोठ्या टायपात, गणपती वर मधोमध, चौकट लाल शाईत, हा पोशाख. डोळ्यांना दोन्ही एकदमच दिसतात. म्हणून ती वेगळी आहेत हे सहसा ध्यानात येत नाही.

छापखानेवाल्यांना मात्र हे पूर्वीपासून ठाऊक होते. हस्तलिखिताच्या समासात ‘हे शीर्षक २४ पॉइंट काळा’, ‘इथे नवा परिच्छेद’ अशा सूचना लिहिलेल्या असत आणि जुळारी त्याप्रमाणे खणातले खिळे उचलून ओळ जुळवी. पण एकदा जुळणी झाली की मजकूर आणि पोशाख शिशात एकजीव होत. तोच मजकूर मोठ्या टायपात हवा असेल, तर पुन्हा पहिल्यापासून जुळवायचा. मराठीत तर काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांनी हा खटाटोप दुप्पट होई. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने (१८६९) देवनागरी खिळ्यांना जे सुबक रूप दिले, त्यामागे किती मेहनत असेल ते यावरून समजावे.

ही गाठ सोडवावी असा विचार परदेशात १९६७ मध्ये पुढे आला. विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडा सरकारच्या मुद्रण कार्यालयातील एका बैठकीत, माहिती वेगळी आणि तिची मांडणी वेगळी ठेवावी, असे मांडले. १९६९ च्या सुमारास आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तशी खुणांची भाषा तयार केली. तिच्यातूनच १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि १९९८ मध्ये त्याचे सुटसुटीत रूप, एक्सएमएल. एक्सएमएलमधली खूण ‘हे नाव आहे’, ‘ही तारीख आहे’ एवढेच सांगते. ते कसे दिसावे हे वेगळ्या फाइलीत लिहायचे. ती स्टाइलशीट, म्हणजे पोशाखाचा कागद. मजकुराची फिरवाफिरव करणारी एक्सएसएलटी १९९९ साली आली आणि छापील पान रचणारी एक्सएसएल-एफओ २००१ साली.

ही भाषा प्रामुख्याने जाडजूड तांत्रिक पुस्तकांसाठी वापरली गेली. पण तिचा उपयोग आपल्या रोजच्या छपाईत किती होता पाहा. शाळेत निकालाच्या दिवसांत आम्ही शिक्षक तीच नावे आणि तेच गुण प्रगतिपुस्तकात, निकालपत्रकात आणि नोंदवहीत पुन्हा पुन्हा लिहीत असू. एका ठिकाणी ७६ आणि दुसऱ्या ठिकाणी ६७ झाले की मुलाचे काय होते, हे सांगायला नको. मजकूर एकदाच लिहा आणि त्याला तीन पोशाख चढवा, म्हणजे तीन कागद निघतात आणि आकडा तिन्हीकडे एकच राहतो. चौथा पोशाख केला तर पालकांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या. पाचवा केला तर आजोबांना वाचता येईल अशा मोठ्या टायपातली प्रत. अंधांसाठीच्या डेझी पुस्तकांमागेही हेच तत्त्व आहे. एकाच एक्सएमएलमधून आवाज, ब्रेल आणि मोठा टाइप, तिन्ही मिळू शकतात.

आमच्या भागात याची आणखी एक गरज आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी भाषा १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण ती भारतात लिहिली जाते दोन लिप्यांत. एक १८५३ साली ठरवलेली ५२ अक्षरांची अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे. दुसरी देवनागरी, डावीकडून उजवीकडे. आजोबांची लिपी नातवाला येत नाही, असे यामुळे घडते. एक्सएसएल-एफओ रचणाऱ्यांनी समासाला ‘डावा’, ‘उजवा’ असे न म्हणता ‘सुरुवातीची बाजू’, ‘शेवटची बाजू’ अशी नावेही ठेवली आहेत. त्यामुळे लिहिण्याची दिशा बदलली की सारे पान आपोआप उलटते. अर्थात लिप्यंतर माणसालाच तपासावे लागते, कारण अरबी वळणाच्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. पण दोन्ही प्रती एका फाइलीत शेजारी ठेवता येतात. घरातल्या दोन पिढ्यांना एकच आमंत्रण वाचता यावे, ही काही लहान गोष्ट नाही.

आता मराठीचे पाहू. संगणकावर मराठी आली तेव्हा पुष्कळ काळ आपण फाँटच्या भरवशावर टंकलेखन केले. फाइलीत खरे मराठी अक्षर नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी फाँट मराठी आकार दाखवी. फाँट गेला की उरे ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. पोशाख उतरवला आणि आत माणूसच नाही, असा प्रकार! अनेक संस्थांच्या स्मरणिका आणि वर्धापनदिनाचे अंक आज अशा फाइलींत अडकून आहेत. कागदाची प्रत जपली असेल तर नशीब. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरावर ही वेळ येत नाही.

एक्सएसएल-एफओचे पुढचे काम २०१३ साली थांबले आणि आता बरीच पाने सीएसएसने रचली जातात. भाषा बदलतील, आणखी नव्याही येतील. तत्त्व मात्र टिकून आहे आणि ते कोणालाही पाळता येते. वाचकहो, आपल्या मंडळाचा अहवाल, कुलवृत्तांत किंवा आईच्या पाककृतींची वही संगणकावर चढवाल, तेव्हा आधी मजकूर युनिकोडमध्ये स्वच्छ लिहा. शीर्षकाला शीर्षक म्हणा, नुसते ठळक करून सोडू नका. पोशाख मागाहून कितीही शिवता येतात.