सिंदखेडचा शेजार आणि हबशी मलिक अंबर

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालात की वाटेत बीबी लागते. इथल्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा, जिजाऊंचे माहेर कोणते? तो लगेच हात करून दाखवील, “ते काय, तिकडे!” आता त्यालाच विचारा, मलिक अंबर कोण? बहुधा गप्प राहील. ‘हबशी’ हा शब्द मात्र त्याला ठाऊक असेल, तोही एखाद्या सावळ्या सवंगड्याला चिडवण्यापुरता. या चिडवण्याच्या शब्दामागे केवढा माणूस उभा आहे, तेच आज सांगायचे आहे.

हबश म्हणजे आजचा आफ्रिकेतला इथिओपिया. तिथे १५४८ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. गंमत पाहा, हा पेशवाही मूळचा हबशी गुलामच! तोच मुलगा पुढे मलिक अंबर झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकले, तेव्हा मोडून पडलेली निजामशाही त्याने पुन्हा उभी केली आणि १६२६ साली मरेपर्यंत राखली. त्याने जमिनीचा कस पाहून सारा ठरवला. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवून तिथे जमिनीखालच्या नहरीने पाणी आणले. मोगलांच्या मोठ्या फौजांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले.

याचा सिंदखेडशी संबंध काय? १६२४ च्या भातवडीच्या लढाईत जिजाऊंचे पती शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. वडील लखुजीराव जाधव मोगलांकडून. म्हणजे या हबशाचे नाव गाळले, तर आपल्या जिजाऊंच्या घरची गोष्टही अर्धीच राहते.

अशी गाळलेली नावे परत कोण आणतो? अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी आणली. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. स्वतः ते कोळशाच्या खाणीत राबून शिकले. १९१५ साली त्यांनी काळ्या लोकांच्या इतिहासासाठी संस्था काढली आणि १९२६ पासून दर फेब्रुवारीत त्या इतिहासाचा आठवडा सुरू केला. पुढे १९७६ पासून त्याचा महिना झाला. मोठ्या देणग्या आटल्या, तेव्हा साध्या शिक्षकांच्या आणि मंडळ्यांच्या लहान वर्गण्यांनी ती संस्था तगवली.

आपल्याकडे तरी वेगळे काय झाले? १९१० साली राजवाड्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेही लोकांच्या आधारावरच.

तेव्हा गुरुजी, मुलांची सहल सिंदखेडराजाला नेता, एकदा खुलताबादेलाही न्या. अंबरची कबर तिथे आहे. आणि गावकरी मंडळी, गावातल्या वाचनालयाला, इतिहासाच्या मंडळाला सुगीच्या दिवसांत थोडी वर्गणी द्या. हिशेब जरूर विचारा. चांगली संस्था तो आनंदाने दाखवते. त्या पैशांतून चार पुस्तके आली, त्यांतले एखादे अंबरवर असले, तर ‘हबशी’ म्हणून चिडवला जाणारा तो सावळा पोरगा उद्या मान वर करून म्हणेल, “हो, मलिक अंबरसुद्धा हबशीच होता!”